दाराची दुलई

दिवाळीचं तोरण दारावर किती दिवस ठेवायचं, याचा लेखी नियम कुठं नाही. कुणी भाऊबीज उलटली की काढतं, कुणी तुळशीचं लग्न लागेपर्यंत ठेवतं. कुणाच्या दारावर आंब्याची पानं वाळून कडकडीत होतात, वाऱ्याबरोबर वाजत राहतात आणि तशीच पाडव्याला गाठ घालतात. झेंडू मात्र आठवड्याभरात काळवंडतो. एके दिवशी घरातलं कुणीतरी स्टुलावर चढतं, दोरा ओढतं आणि दार पुन्हा नुसतं दार होतं.

आमच्याकडं, म्हणजे मुसलमानांकडं, ईदेला दाराला अमुक बांधलंच पाहिजे असा दंडक नाही. नमाजेआधी फित्रा द्यावा, अंघोळ करावी, असतील त्यातले चांगले कपडे घालावेत, शीरखुर्मा शेजारीपाजारी पोचवावा. दाराबद्दल काही सांगितलेलं नाही. त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं आणि हौसेनं दार सजवलं. कुणी रंगीत कागदाच्या पताका लावल्या, कुणी दिव्यांची माळ सोडली. चौकटीवर ७८६ चा आकडा तर गरिबातल्या गरिबाच्या घरी खडूनं लिहिलेला असायचा. जरा बऱ्या स्थितीतल्या माणसानं घर बांधलं की दर्शनी भिंतीवर उर्दू लिपीत चार शब्द आणि बांधकामाचं साल कोरून घ्यायचा. 'नम्ल' या सूरहमधले ते शब्द. हे सारं माझ्या रब्बाच्या मेहेरबानीनं, असा त्यांचा अर्थ. सबाच्या राणीचं सिंहासन डोळ्यांसमोर आलेलं पाहून हजरत सुलेमान हे बोलले. पण त्यांचं बोलणं तिथं संपत नाही. मी शुकर करतो की नाशुकरा होतो हे तो पाहतो आहे, असं ते लगेच पुढं म्हणतात. घरं बांधणाऱ्यांनी पहिला भाग दारावर घेतला, पुढचा कुराणातच राहू दिला. भिंतीवर जागाही कमीच असते म्हणा.

आमचं घर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी. आम्ही तीन भावंडं. थोरली आपा, मधला भाऊ आणि धाकटी. आमच्या शाळेची सगळी वर्षं रमजान हिवाळ्यात किंवा हिवाळ्याच्या तोंडावर येत असे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडं सरकतो. २००० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस एकदा, अशी एकाच इसवी सनात दोनदा रमजान ईद झाली. पुढं २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. हा योग साधारण तेहतीस वर्षांनी जुळतो. त्या तीन वर्षांत आमच्या बोळातलं एकही दार उघडं नव्हतं. एका दाराला आकाशकंदील, दुसऱ्याला पताका. कुठली माळ कुणी कशासाठी लावली हे परगावच्या माणसाला ओळखता आलं नसतं.

शेजारच्या काकू दसऱ्याला तोरणं ओवायला बसल्या की आमच्या दाराचं एक जास्तीचं ओवत. अम्मी ते घेई आणि बांधी. एकदा आमच्या लांबच्या नात्यातले एक गृहस्थ घरी आले. उंबऱ्याशीच थांबून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ये क्या लगाये, भाभी?"

अम्मी म्हणाली, "फूल हैं. तुमारी शादी में तुमारे सर पे भी यहीच बांधे थे."

ते हसले आणि आत आले. चहाही प्याले. पटलं की नाही ते सांगितलं नाही.

आमच्या दाराची खरी सजावट मात्र सण सरल्यावर सुरू होई. ईदेसाठी दाराला जाळीदार पांढरा पडदा लागे. त्याला खाली मण्यांची झालर होती, आणि तो अम्मीच्या माहेरचा होता. ईदेच्या तिसऱ्या दिवशी अम्मी तो उतरवी, धुवून ट्रंकेत ठेवी आणि म्हणे, "अब दरवाजे कू थंडी के कपडे पहनाओ."

त्याआधी अब्बांचं काम असे. दार सागवानी, दोन झडपांचं, आजोबांच्या वेळचं. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, झडप उंबऱ्याला घासते, लाथ मारल्याशिवाय दार लागत नाही. थंडी पडली की तेच लाकूड आक्रसतं आणि फळ्यांच्या सांध्यात बोटभर लांब भेगा पडतात. नदीवरून येणारा पहाटेचा वारा नेमका त्या भेगांतून आत शिरतो. अब्बा खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून लांबी तयार करत आणि भेगा बुजवत. दोन दिवसांनी ती सुकली की जुन्या बनियनचा बोळा त्याच तेलात बुडवून सगळं दार पुसून काढत. एक हात देऊन झाला की दुसरा दुसऱ्या दिवशी. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा अंगावर ठेवतं, असं ते म्हणत. पितळी कडी-कोयंडा चिंचेनं आणि राखेनं घासायचं काम आमच्याकडं. आठवडाभर घरात अळशीच्या तेलाचा वास राही. आम्हांला हिवाळा म्हटलं की अजून तोच वास येतो.

मग ट्रंकेतून दुलई निघे. ती पांघरायची नव्हती, दाराची होती. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, वरच्या काठाला लोखंडी सळई जाईल अशी दुमड शिवलेली. आत पातळ कापूस. तेव्हा दिवाळीनंतर नदाफ चाचा खांद्यावर धनुकली घेऊन गल्लीत येत. तातेवर ठोका पडला की येणारा तो टणत्कार सगळ्या बोळाला ऐकू जाई आणि घरोघरच्या गाद्या-उशा अंगणात येत. पिंजलेला कापूस त्यांच्या भुवयांवर, दाढीवर बसे. आम्हांला ते एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे वाटत. आमच्या गाद्यांतून उरलेला कापूस दाराच्या दुलईत जाई. खालचं अस्तर जुन्या चादरीचं. वरची बाजू मात्र आमच्या ईदेच्या कपड्यांची. आखूड झालेल्या सलवारी, कोपरावर फाटलेले कुडते, आपाच्या फ्रॉकचा घेर. चौकोन कापून, एकाला एक जोडून अम्मीनं वरपासून खालपर्यंत धावदोरा घातलेला. दर वर्षी एक-दोन चौकोन विरत, त्यांच्या जागी नवे येत. त्यामुळं आमच्या गेल्या सगळ्या ईदा त्या दारावर लटकत. शाळेतून येणारी पोरं थांबून पाहत. "तुमच्या दाराला स्वेटर घातलाय," असं एकानं भावाला चिडवलंही होतं.

दारावरच्या पडद्याची एक गोष्ट आपा मदरशातून ऐकून आली होती. ती तिनं एका संध्याकाळी मगरिबनंतर आम्हांला सांगितली. सहीह बुखारीत ती आहे. पैगंबर एकदा लेकीच्या, बीबी फातिमांच्या घरी गेले आणि आत न जाताच परतले. हजरत अली घरी आल्यावर फातिमांनी त्यांना हे सांगितलं. त्यांनी जाऊन कारण विचारलं. दारावर नक्षीचा, रंगीत पडदा होता, हे कारण निघालं. आपल्याला या दुनियेच्या झगमगाटाशी काय करायचंय, असं पैगंबर म्हणाले. मग त्या पडद्याचं काय करावं, असं फातिमांनी विचारलं. त्यांनी एका गरजू घराचं नाव सांगितलं आणि तो तिकडं पाठवून द्यायला सांगितलं.

गोष्ट ऐकून आम्ही तिघंही आमच्या दाराकडं पाहू लागलो. आमचाही पडदा रंगीत होता. धाकटीनं विचारलं, "मग आपला चालतो का?" अम्मी म्हणाली, "वो झगमग थी. ये चिंद्या हैं." आणि ती भाकरी थापायला उठून गेली.

त्याच वर्षीची, २००५ सालची गोष्ट. दिवाळी १ नोव्हेंबरची, ईद ५ ची. दोन्ही उरकल्या, दाराला तेल लागलं, दुलई चढली. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता. गावाबाहेरच्या माळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या होत्या. कोपी म्हणजे वाकवलेल्या काठ्या, त्यांवर चटई आणि पाचट, वर जमलं तर प्लॅस्टिकचा कागद. आत शिरायला एक तोंड. नवरा-बायको मिळून तिथं एक कोयता मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून पहाटेच्या काळोखात ती फडात जातात. त्यांतली एक बाई रोज दिवेलागणीला उसाचं वाडं विकायला गल्लीत येई. आमच्या दोन शेळ्या होत्या, म्हणून आमच्या दाराशी तिची भारी ठरलेली. पाठीला सात-आठ महिन्यांचं मूल बांधलेलं.

एका संध्याकाळी अम्मी आत पैसे आणायला गेली तेव्हा तिनं आमची दुलई दोन बोटांत धरून चाचपून पाहिली. अम्मी आली तशी ती हसून म्हणाली, "बया! तुमच्यात दाराला बी दुलई आस्ती?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवल होतं. अम्मी काही बोलली नाही, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतून आलो तर दार उघडंबोडकं. सळई कोपऱ्यात उभी केलेली. संध्याकाळी अब्बांनी घरात पाऊल टाकताच विचारलं, "अब दरवाजे कू क्या?"

"दरवाजे कू दरवाजा है," अम्मी म्हणाली. "उसकू दरवाजाच नहीं."

त्या वर्षी पहाटेचा वारा आम्ही सगळ्यांनी खाल्ला. लांबीनं भेगा बुजल्या होत्या, पण दोन झडपांच्या मधली फट काही बुजत नाही. अब्बांनी तिथं गोणपाट लावलं. माळावरून शाळेला जाताना आम्ही रोज कोप्यांकडं पाहत असू. बाईनं दुलई कोपीच्या तोंडाला लावली असेल, आमचे चौकोन आम्हांला लांबून दिसतील, असं वाटायचं. ती कधी दिसली नाही. एकदा कोपीच्या जवळून गेलो तेव्हा कळलं, ती आत जमिनीवर अंथरली होती आणि तिच्यावर मूल झोपलं होतं. धाकटीच्या पहिल्या ईदेच्या पिवळ्या झबल्याचा चौकोन त्याच्या गालाखाली होता. मार्चअखेर हंगाम संपला. टोळी गेली, माळावर चुलींचे काळे डाग राहिले. पुढच्या वर्षी दुसरी टोळी आली. ती बाई आणि आमची दुलई पुन्हा कधी दृष्टीस पडली नाही. अम्मीनं नवी दुलई शिवायला घेतली तेव्हा एकाऐवजी दोन घेतल्या. तेव्हापासून आमच्या घरी दोनच शिवतात.

दुलई ज्या ट्रंकेत असे, तिच्या तळाशी आणखी एक वस्तू होती. एक पितळी पाटी. तिच्यावर आमच्या मामूंचं नाव मराठीत कोरलेलं. ६ डिसेंबर १९९२ नंतर आणि पुन्हा १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. मामू ज्या इमारतीत राहत, तिथं मुसलमानांची दोनच घरं. जानेवारीत एका रात्री त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या दारावरची स्वतःची पाटी काढली. पाटीच्या जागी चार भोकं राहिली. ती दिसू नयेत म्हणून मुमानीनं त्यांवर एक कॅलेंडर लटकवलं. इमारतीला काही झालं नाही. आठवड्यानं ते आमच्याकडं आले तेव्हा कपड्यांच्या बॅगेत ती पाटी होती. जाताना इथंच ठेवून गेले. नंतर त्यांनी मुंबऱ्याला घर घेतलं. तिथं पाटी लावायला काहीच हरकत नव्हती, पण त्यांनी ती कधी मागितली नाही आणि अम्मीनं कधी आठवण दिली नाही. दर हिवाळ्यात दुलई काढताना ती वर येई. आम्ही कडी-कोयंडा घासत असू त्याच चिंचेनं अम्मी तीही घाशी आणि पुन्हा तळाशी ठेवी. दाराला एवढं नटवणाऱ्या बाईच्या ट्रंकेत एक दाराविना पाटी आहे, याचा अर्थ आम्हांला कळायला बरीच वर्षं गेली.

तो कळला पुण्यात. २०१९ साली आम्ही भावंडं तिथं घर शोधत होतो. आमचं आडनाव इनामदार. हे आडनाव दोन्हीकडं आहे. फोनवर आडनाव सांगितलं की समोरचा माणूस "या ना, दाखवतो" म्हणे. पूर्ण नाव सांगितलं की जागा कालच गेलेली असे, किंवा मालकाचा भाचा अचानक राहायला येणार असे. कुणी वाकडं बोललं नाही. सगळे अगदी गोड बोलले. पाच महिन्यांनी एक घर मिळालं. दिवाळी नुकतीच झाली होती, सगळ्या मजल्यांवर प्लॅस्टिकच्या पानांची तोरणं होती. ही तोरणं वाळत नाहीत, त्यामुळं ती काढायची कधी हा प्रश्नच तिथं उरलेला नाही. आमचं एकटं दार कोरं.

पाटी करायला टाकायची वेळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, "नुसतं इनामदार लिहू. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. पण आपा म्हणाली, "मामूंनी लावलेली काढली. आपण न लावताच काढतोय."

त्यावर दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. भावाचं म्हणणं भित्रेपणाचं नव्हतं. रोज जिन्यात चार माणसं भेटणार, धाकटी रात्री कामावरून एकटी येणार. कशाला उगीच दाराला बोलायला लावायचं? आपाचं म्हणणं असं की दार बोलतंच. कोरं ठेवलं तरी बोलतं. कुराणात दारांविषयी दोन ठिकाणी स्पष्ट सांगितलंय, तिनं आठवण करून दिली. परक्या घरात सलाम केल्याशिवाय, परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका, हे एक. आणि हजच्या इहराममध्ये असताना मागच्या बाजूनं घरात शिरण्यात पुण्य मानणाऱ्यांना सांगितलं ते दुसरं. नेकी त्यात नाही, घरात दारानं या. "आपण आपल्याच घरात मागच्या दारानं का शिरायचं?" ती म्हणाली.

शेवटी पूर्ण नाव लिहिलं. मराठीत, मामूंच्या पाटीवर होतं तसंच. भावानंच भिंतीला ड्रिल मारलं.

पुढं काय झालं, असं विचाराल तर विशेष काही झालं नाही. समोरच्या घरातले आजोबा पाटी वाचून म्हणाले, "आमच्या गावातही इनामदार होते, उरूस त्यांच्याकडं असायचा." वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब लिफ्टमध्ये भेटलं की मोबाइलमध्ये पाहतं, ते आजही तसंच पाहतं. त्यांच्या मुलीला ताप आला तेव्हा रात्री धाकटीनं गाडी काढली. दुसऱ्या दिवशी डबा धुवून, त्यात चिवडा घालून परत आला. त्याच्या पुढं काही गेलं नाही. दार जेवढं उघडतं तेवढंच उघडतं, घाईनं बिजागरी तुटते.

पुण्याच्या दाराला अळशीचं तेल लागत नाही. प्लायवूडवर चकचकीत लॅमिनेट आहे, ते काही पीत नाही. वारा यायला भेगाही नाहीत. बाहेर जाळीचं आणखी एक दार. दुलई लावली तर ती दोन दारांत अडकणार. म्हणून पहिल्याच डिसेंबरात आपानं घरातल्या जुन्या ईदेच्या कपड्यांचे हातभर लांबीचे तुकडे काढले, त्यांचे त्रिकोण कापले, आत कापूस भरला, धावदोरा घातला आणि एका पट्टीवर ओळीनं शिवले. चौकटीच्या वर, पाटीच्या जरा तिरकं, ते बसलं. ना धड तोरण ना धड दुलई. दिवाळीची तोरणं शिळी झाली की आम्ही ते लावतो आणि थंडी सरली की उतरवतो. त्याच्याबरोबर शिवलेली मोठी, पांघरायची दुलई कधी वॉचमनच्या घरी गेली, कधी शेजारच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडं. गावी अम्मी अजूनही शिवते. आता डोळ्यांना टाके दिसत नाहीत, म्हणून सुईत दोरा अब्बा ओवून देतात. नदाफ चाचा नाहीत, कापूस मशीनवर पिंजून येतो.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या आजोबांकडं त्यांची बहीण आली होती. आमच्या दारासमोर थांबून तिनं चष्मा वर केला, ते कापडी त्रिकोण पाहिले, पाटी वाचली. मग दार उघडायला आलेल्या धाकटीला तिनं विचारलं, "हे तुमच्यात असतं का गं?"

हा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकलाय. चांगल्या मनानं ऐकलाय, वाईट मनानंही ऐकलाय. त्याला होय म्हटलं तरी फसतं, नाही म्हटलं तरी फसतं.

"आमच्यात असतं की नाही ते माहीत नाही, आजी," धाकटी म्हणाली. "आमच्या घरात असतं. या ना आत."